तेरड्याचे बी

आंब्याचे रोप एकदा धरले, चार-पाच उन्हाळे त्याला पाणी घातले, म्हणजे ते माणसाकडे पुढे फारसे काही मागत नाही. लावणारा निघून जातो, त्याचा मुलगा म्हातारा होतो, नातवंडे झाडावर चढून कैऱ्या पाडतात. झाड आपले उभेच असते. परसातल्या हंगामी फुलझाडाची गोष्ट निराळी आहे. त्याचे सारे आयुष्य एका हंगामात आटोपते. पावसाबरोबर ते उगवते, दोन महिन्यांत फुलते, बी धरते आणि वाळून जाते. मग पुढचे सात-आठ महिने त्या झाडाचे या जगात चिमूटभर बियांखेरीज काहीही शिल्लक नसते. ते बी कुणी जपले तर पुढच्या वर्षी झाड दिसायचे. कुणाच्या हातून एकच वर्ष हयगय झाली, तर त्या घरापुरता तो वंश संपला असे समजावे.

अशा झाडांना वनस्पतिशास्त्रात वर्षायू म्हणतात. सातारा जिल्ह्यातील कासच्या पठारावर वैशाखात कुणी गेले, तर त्याला काळा जांभा दगड आणि करपलेले गवत यांवाचून काही दिसणार नाही. तेथे फुले पाहावयास येतात हे त्याला खरेही वाटणार नाही. परंतु त्याच दगडाच्या फटींतून, बोटभर मातीच्या थरात, लक्षावधी बिया निजलेल्या असतात. पाऊस पडला की त्या जाग्या होतात आणि श्रावण-भाद्रपदात सोनकीचा पिवळा, सीतेच्या आसवांचा निळा व रानतेरड्याचा गुलाबी रंग पठारभर पसरतो. २०१२ साली पश्चिम घाटातील ज्या स्थळांचा जागतिक वारशात समावेश झाला, त्यांत हे पठारही आहे. त्या रंगांचे कौतुक करणारे हजारो लोक दरवर्षी तेथे येतात. बियांनी सोसलेला उन्हाळा पाहावयास मात्र कुणी जात नाही.

थंडीच्या देशांतील बागवान काही वर्षायू फुलझाडांना कणखर म्हणतात. ज्यांची रोपे हिवाचा कडाका उघड्यावर सोसतात, ती कणखर. लार्कस्पर, कॅलेंडुला, कॉर्नफ्लॉवर ही त्यांतलीच. ही झाडे महाराष्ट्रात आली तेव्हा येथल्या माळ्यांनी त्यांचा स्वभाव ओळखून त्यांचे बी पाऊस सरल्यावर, आश्विन-कार्तिकात पेरावयास सुरुवात केली. कारण तिकडचा वसंत आणि इकडचा हिवाळा यांची हवा बरीचशी जुळते. इकडच्या मातीतील झाडांना कणखरपणा दाखवावा लागतो तो वेगळ्या प्रसंगी. चार-चार दिवस न थांबणारी झड आणि मध्येच पाठ फिरवणारा पाऊस, या दोहोंतून त्यांना तग धरावी लागते.

तेरडा हा अशा कणखर झाडांपैकी एक. दुर्दैवाने त्याच्या वाट्याला एक म्हण आली आहे. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' असे म्हणून लोक चंचल माणसाची गणना तेरड्यात करतात. म्हण रचणाऱ्याने बहुधा एकच फूल पाहिले असावे. झाड पाहिले नसावे. एक फूल थोड्या दिवसांत गळते हे खरे. पण त्याच्या वरच्या पेरावर दुसरे उमललेले असते, आणि निरोगी तेरडा आठवड्यामागून आठवडे फुलत राहतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर अनेक घरी तेरड्याची रोपे मुळासकट आणून गौर म्हणून पुजतात. तीन दिवसांच्या चंचल झाडाला हा मान कुणी दिला नसता.

वाई तालुक्यात कृष्णाकाठच्या एका गावी एक आजी आहेत. त्यांच्या परसातला तेरडा आळीत प्रसिद्ध होता. त्याची फुले गुलाबासारखी दाट पाकळ्यांची, रंगाने गर्द गुलाबी, आणि त्यांवर कुणी पांढऱ्या रंगाची बोटे झाडावी तसे ठिपके. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात आजींनी हे बी माहेराहून पदराच्या गाठीत बांधून आणले होते. तेव्हापासून दरवर्षी पाऊस आला की पेरायचे, आश्विनात बी धरायचे, राखेत घोळून पुरचुंडीत बांधायचे आणि माजघरातल्या कोनाड्यात ठेवायचे, हा क्रम कधी चुकला नव्हता. २०२२ साली मात्र तो चुकला. ऐन बी धरण्याच्या दिवसांत आजी आजारी पडल्या व त्यांना गावाबाहेर दवाखान्यात राहावे लागले. घरी परतल्या तेव्हा शेंगा फुटून गेल्या होत्या आणि जेथे बी पडले होते, तेथे घराच्या दुरुस्तीसाठी आणलेल्या खडीचा ढीग पडला होता.

पुढल्या वर्षी, ज्येष्ठ महिन्यात, आजींनी कोनाड्यातली जुनी पुरचुंडी सोडली. सहावीत गेलेला नातू शेजारी बसला होता. त्याने ताटात बी पसरून मोजले. मोहरीहून किंचित मोठे, तपकिरी, गोल दाणे. ते भरले अवघे ४७.

"एवढेच?" नातवाने विचारले.

"एवढेच. आणि तेही दोन वर्षांचे," आजी म्हणाल्या. त्यांनी २० दाणे वेगळे काढले आणि उरलेले पुन्हा बांधले.

"आजी, सगळेच का नाही पेरायचे? जास्त पेरले तर जास्त उगवतील."

"बाळ, सगळे बी एकदम मातीत घालणारा शेतकरी पाहिलास कधी?"

मृग कोरडाच गेला. त्या वर्षी पाऊस लांबला होता. जून सरता सरता तो आला. तुळशीवृंदावनाच्या बाजूला नातवाने वाफा केला. माती खणून, ढेकळे फोडून, तिच्यात कुजलेले शेण मिसळले. बी जेवढे जाड, तेवढाच मातीचा थर त्याच्यावर द्यावा, हे आजींनी सांगितले तसे त्याने केले. वाफ्याभोवती काटक्यांचे कुंपण घातले, कारण शेजारच्या कोंबड्यांना नव्याने उकरलेली माती दिसली की राहवत नाही. सातव्या दिवशी मातीला बारीक भेगा पडल्या आणि त्यांतून दोन-दोन जाड, हिरव्या दलांची रोपे डोके वर काढू लागली. ती १४ होती. नातू शाळेत जाताना आणि येताना त्यांना मोजी.

चौथ्या सकाळी ती तीन उरली. बाकीच्यांचे देठही धड राहिले नव्हते. सुईच्या टोकाएवढे हिरवे खुंट तेवढे मातीत दिसत होते. कुंपण जसेच्या तसे होते. कोंबडीच्या पायाचा ठसा कुठे नव्हता. नातवाला रडू आवरेना. प्रत्येक रोप म्हणजे सत्तेचाळिसांतला एक दाणा, हे त्याला ठाऊक होते. आजींनी त्याला रडू दिले आणि मग वाफ्याशी बसून मातीकडे बोट दाखवले. ओल्या मातीवरून, काटक्यांवरून आणि वृंदावनाच्या दगडावरून चांदीच्या तारेसारखी एक चकचकीत रेघ गेली होती.

त्या रात्री दोघे विजेरी घेऊन परसात गेले. दिवसा जेथे काही नव्हते, तेथे गोगलगाई हिंडत होत्या. काही नखाएवढ्या होत्या, काही बिनशंखाच्या, आणि चार-पाच तर मुलाच्या मुठीएवढ्या, तपकिरी पट्ट्यांचा लांबट शंख पाठीवर घेतलेल्या. गोगलगाईच्या तोंडात कानशीसारखी खरखरीत जीभ असते. तिच्यावर हजारो बारीक दातांच्या रांगा असतात. त्या जिभेने ती पान खरवडून खाते. मोठ्या झाडाचे एखादे पान गेले तर त्याचे काही बिघडत नाही. परंतु ज्याच्याजवळ दोनच पाने आहेत, त्या रोपाचे एका घासात सर्वस्व जाते. फुलझाडाच्या आयुष्यात धोक्याचे असे हे पहिले तीन आठवडे असतात. ते पार पडले की पुढे ऊन, वारा, पाऊस, किडा-मुंगी या सर्वांना तोंड द्यावयास झाड स्वतः समर्थ होते.

त्या मोठ्या गोगलगाई मूळच्या या देशातल्या नव्हेत. त्यांचे घर पूर्व आफ्रिकेत. तेथून त्या मॉरिशस बेटात पोचल्या, आणि १८४७ साली शंख-शिंपल्यांचा अभ्यास करणाऱ्या बेन्सन नावाच्या एका गृहस्थाने मॉरिशसहून दोन जिवंत गोगलगाई कलकत्त्यास आणल्या. त्या एका बागेत सोडल्या गेल्या. अभ्यासकाच्या हौसेपायी आलेल्या त्या पाहुण्यांची संतती पुढे देशभर पसरली. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड आणि आता धाराशिव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात शंखी गोगलगाईंनी सोयाबीनची नुकती उगवलेली रोपे एवढी फस्त केली, की कित्येक शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली. नातवाच्या वाफ्यातली ११ रोपे त्या मानाने काहीच नव्हेत. पण ज्याची रोपे जातात त्याला हा हिशेब पटत नाही, आणि पटूही नये.

उरलेल्या तीन रोपांची नातवाने फारच काळजी घेतली. वाफ्याभोवती त्याने चुलीतल्या राखेचे कडे घातले. कोरडी राख गोगलगाईच्या ओल्या अंगाला चिकटते आणि ती मागे फिरते. परंतु आषाढातल्या पावसात राख कोरडी राहावी कशी? पहिल्याच सरीत कडे वाहून गेले. मग त्याने रोपांवर पत्र्याचा डबा पालथा घातला आणि पाऊस लागत नाही म्हणून तांब्याने पाणी घातले, सकाळी आणि संध्याकाळी. दोन दिवसांनी डबा उचलला तेव्हा दोन रोपे मातीशी कमरेत मोडून आडवी पडली होती. त्यांना कुणी खाल्ले नव्हते. कोंदट जागी, सतत ओल्या मातीत एक प्रकारची बुरशी वाढते आणि रोपाचा देठ बुडाशी कुजवते. तिसरे रोप त्याने उघड्यावर ठेवले. ते दुपारी कुंपणावरून उडी मारून आलेल्या एका कोंबडीने टिपले.

अशा रीतीने पहिले २० दाणे संपले. कोनाड्यात २७ उरले होते.

नातवाचे काका तालुक्याच्या गावाहून आले तेव्हा त्यांनी हे ऐकले. ते म्हणाले, "गोगलगाईंच्या गोळ्या मिळतात दुकानात. चार टाकल्या की काम झाले."

आजींनी मान हलवली. "त्या गोळ्या एखाद्या कुत्र्याच्या पोटात गेल्या तर तेही मरते. आणि तो भारद्वाज काय खाईल?"

परसाच्या कडेला करवंदीच्या जाळीत भारद्वाजाचे एक जोडपे राहत असे. तांबूस पंखांचा, काळा, लांब शेपटीचा हा पक्षी जमिनीवरून सावकाश चालत गोगलगाई शोधून खातो. रोहिणीच्या सुमारास झाडांवर चमकणारे काजवेही एका अर्थी बागवानाचे मित्रच. काजव्याची अळी जमिनीवर राहते व लहान गोगलगाईंवर जगते. विष टाकले की गोगलगाय मरते आणि तिला खाणारेही मरतात; पुन्हा गोगलगाय आली म्हणजे तिला अडवणारे कुणी उरत नाही. आजींना हे कुणी पुस्तकातून शिकवले नव्हते. पन्नास पावसाळे एकाच परसाकडे पाहत बसले, की असे पुष्कळ कळते.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दुसरी पेरणी झाली. आजींनी पुन्हा २० दाणे दिले आणि सात मागे ठेवले. या वेळी पेरणी वाफ्यात झाली नाही. स्वयंपाकघरातल्या जुन्या फडताळाचे चारही पाय आजी पाण्याच्या वाट्यांत ठेवीत, म्हणजे दुधा-तुपाला मुंग्या लागत नाहीत. रोज ते पाहणाऱ्या नातवाला तीच युक्ती सुचली. एक मोठी परात त्याने पडवीच्या कडेला ठेवली, तिच्यात पाणी घातले, पाण्यात दोन विटा रचल्या आणि विटांवर मातीने भरलेले एक परळ ठेवले. परळाला खाली भोके पाडली होती. पडवीत पावसाचे तुषार येत, पण धार येत नसे. सकाळचे ऊन येई, वारा खेळता राही. पाण्याच्या खंदकामुळे बी पळवणाऱ्या मुंग्या आणि गोगलगाई दोघांनाही वाट बंद झाली. परातीतले पाणी तो रोज ओतून नवे भरी, नाहीतर गोगलगाईंपासून वाचवलेल्या घरात डासांची पैदास व्हायची. मातीला बोट लावून पाहिल्याशिवाय तो आता पाणी घालीत नसे.

१२ रोपे आली. ती बोटभर वाढून त्यांना चार खरी पाने फुटेपर्यंत परळातच राहिली. जुलैच्या शेवटी, एका भुरभुरत्या संध्याकाळी, मुळांभोवतीची माती न सांडता ती वाफ्यात लावली गेली, एकेका वितीच्या अंतराने.

वाफ्याशेजारी नातवाने भिजवलेले गोणपाट अंथरून ठेवले. रात्री हिंडून दमलेल्या गोगलगाईंना पहाटे ओलसर, अंधारी जागा हवी असते. त्या आपणहून गोणपाटाखाली जमतात. सकाळी गोणपाट उलटायचे आणि त्या चिमट्याने वेचायच्या. हाताने त्यांना शिवू नये, कारण त्यांच्या अंगावरून माणसाला बाधणारे जंतू येऊ शकतात. कृषी खात्याचे लोकही हीच सूचना देतात. वेचलेल्या गोगलगाईंचे करायचे काय, हा प्रश्न होता. लहान, इथल्याच जातीच्या गोगलगाई नातू ओढ्यापलीकडच्या झाडीत सोडून येई. मोठ्या शंखाच्या मात्र कुठेही सोडता येत नाहीत. जेथे सोडाव्या तेथल्या शेताचे त्या नुकसान करणार. त्या मिठाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाकाव्या लागत. पहिल्या दिवशी नातवाने बादलीकडे पाठ फिरवली. आजींनीच तो चिमटा हातात घेतला. त्या काही बोलल्या नाहीत. काम आटोपल्यावर त्यांनी हात धुतले आणि नेहमीपेक्षा जरा अधिक वेळ देवापाशी बसल्या. दुसऱ्या दिवसापासून ते काम नातू करू लागला. पण त्याला ते कधी आवडले नाही.

मग पाऊसच गेला. २०२३ सालचा ऑगस्ट देशाच्या हवामानाच्या नोंदींत १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. अधिक श्रावणाचा उत्तरार्ध कोरडा गेला, निज श्रावणही बहुतेक कोरडाच निघाला. गोगलगाई दगडांच्या बुडाशी शंखाचे तोंड पातळ पडद्याने बंद करून बसल्या, आणि तेरड्याने दुपारी माना टाकल्या. तेरड्याचे खोड रसाळ असते. पाणी तुटले की ते लगेच लवते आणि मिळाले की तासाभरात ताठ होते. नातू संध्याकाळी आडावरून दोन कळश्या आणी आणि प्रत्येक झाडाच्या बुडाशी वाळलेल्या पाल्याचा थर देई, म्हणजे ओल टिकते. दोन झाडे तरीही गेली. तिसऱ्याची पाने एका रात्रीत नाहीशी झाली तेव्हा गोगलगाईचा माग नव्हता. देठाला बोटाएवढी एक काळसर अळी चिकटली होती. तिच्या अंगावर डोळ्यांसारख्या ठिपक्यांची रांग होती आणि शेपटीकडे एक शिंग. चालताना ते शिंग ती मागेपुढे हलवी. नातवाने खुरपे उचलले. आजी म्हणाल्या, "ती डसत नाही. कुंपणापाशी रानतेरडा आहे, तिकडे सोड." या अळीचा पुढे पतंग होतो. तिन्हीसांजेला हा पतंग फुलापुढे हवेत एका जागी तरंगत, लांब सोंडेने मध पितो. अळी रानतेरड्यावर गेली. ओरबाडलेले झाड मात्र वाचले नाही.

सप्टेंबरात पाऊस परतला आणि नऊ झाडे फुलली. नातू रोज पहाटे कळ्या पाहावयास जाई. पहिले फूल उमलले ते साधे, एकेरी पाकळीचे, फिकट गुलाबी. दुसरेही तसेच. परसातल्या फुलांवर मधमाश्या येतात, त्या रानातल्या तेरड्यावरूनही येतात. त्यांच्या पायांबरोबर परागही येतो आणि बियांत दोन्ही घराण्यांचे गुण मिसळतात. आजी दरवर्षी अशी साधी झाडे उपटून टाकीत आणि बी फक्त ठिपक्यांच्या झाडाचे धरीत. तेरड्याचे रूप पन्नास वर्षे टिकले होते ते या निवडीमुळे. सातवे झाड फुलले तरी ठिपका दिसला नाही. आजी बाहेर येऊन पाहत आणि काही न बोलता आत जात. आठवे झाड सर्वांत खुजे होते, वाफ्याच्या कडेला. त्याचे फूल गौरींच्या आदल्या दिवशी उमलले. दाट पाकळ्या, गर्द गुलाबी रंग, आणि त्यावर पांढरे ठिपके.

गौरी आल्या. घर माणसांनी भरले. काकूंनी परसात येऊन ते फूल पाहिले आणि त्या हरखल्या. "हेच झाड आणते गौरीसाठी," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी हात पुढे केलाही. नातवाने आजींकडे पाहिले. त्याला वाटले, आता आजी हो म्हणणार; देवापुढे उत्तमच ठेवावे, असे त्याच नेहमी सांगत.

"ते नको," आजी म्हणाल्या. "ते झाड गौरीचेच आहे, पण पुढच्या वर्षीच्या. आजच्यासाठी डोंगरावरचा तेरडा आणलाय."

काकूंना ते फारसे रुचले नाही. सणाच्या दिवशी एवढा विचार कशाला, असे त्या स्वयंपाकघरात म्हणाल्याही. गौर बसली ती डोंगरावरच्या फिकट गुलाबी तेरड्याची, आणि साध्या आठ झाडांची सारी फुले तिच्यापुढे वाहिली गेली. त्यामुळे आणखी एक गोष्ट साधली. ठिपक्यांच्या झाडाला पराग देणारे दुसरे फूल परसात राहिले नाही.

तेरड्याची शेंग लहान, लवदार आणि दोन्ही टोकांना निमुळती असते. पिकली की तिला नुसते बोट लागले तरी ती फुटते, तिची सालपटे स्प्रिंगसारखी गुंडाळतात आणि बी चहूकडे उडते. या स्वभावावरूनच शास्त्रज्ञांनी तेरड्याच्या प्रजातीला इंपेशन्स, म्हणजे अधीर, असे नाव दिले. मुले गंमत म्हणून शेंगा फोडतात. बी धरणाऱ्याला ती गंमत परवडत नाही. आजींनी जुन्या मलमलीच्या धोतराच्या लहान-लहान पिशव्या शिवल्या आणि नातवाने प्रत्येक शेंगेवर एकेक पिशवी दोऱ्याने बांधली, श्वासही जपून घेत. आश्विनात एकामागून एक पिशव्यांतून 'टप्' असा बारीक आवाज येऊ लागला.

बी सावलीत वाळवून ताटात पसरले. नातवाने मोजले, ८३ दाणे झाले. आजींनी त्यांच्या तीन पुरचुंड्या केल्या. एक कोनाड्यात ठेवली. एक शेजारच्या घरी दिली. कोंबड्या त्यांच्याच होत्या, म्हणून नातवाला ते मुळीच पसंत पडले नाही. तिसरी त्यांनी आपल्या माहेरी पाठवली, कारण तेथे तो तेरडा कधीच नाहीसा झाला होता. मागे ठेवलेले सात दाणे नव्यात मिसळावे का, असे नातवाने विचारले. आजींनी ते वेगळेच बांधून ठेवले.

कार्तिकात वाफा मोकळा झाला. तेथे लसूण लावावा म्हणून नातू माती उकरू लागला. खुरप्याच्या टोकाशी वीतभर खोल काहीतरी लागले. त्याने माती बाजूला सारली. साबुदाण्याएवढ्या, पिवळसर पांढऱ्या गोळ्यांचा एक मोठा पुंजका तेथे नीट जपून ठेवला होता. ती गोगलगाईची अंडी होती, शंभराहून अधिक. नातू बराच वेळ तो पुंजका पाहत बसला. मग तो उठला आणि चिमटा व बादली आणण्यासाठी घरात गेला.